अत्याचार करणारा मुलगा पंधरा वर्षांचा असतो तेव्हा

(मांडवगण फराटा येथे शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांच्या सभासद, अंगणवाडी सेविका, आशा आणि कार्यकर्त्या यांच्यापुढे केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. आपलं काम बायांचं, मुलींचं. जिच्यावर बेतलं तिच्या बाजूनं उभं राहायचं सोडून त्या पोराचा विचार आपण कशाला करायचा? प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून मला पुढे जायचं नाही. म्हणून आधीच सांगते, मी मुलाची वकिली करायला आलेली नाही. त्याला नीट समजून घेतल्याशिवाय पुढची मुलगी वाचत नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

बलात्काराविरुद्धची आपली चळवळ मथुरा प्रकरणातून उभी राहिली. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं. १९८० साली ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. तिथं समोर वर्दीतला पुरुष होता. बोट कुणाकडे दाखवायचं ते स्पष्ट होतं. आज ज्याच्याविषयी बोलायचं त्याचा डबा सकाळी आपणच भरलेला असतो. म्हणून हा विषय जड जातो.

एक उदाहरण घेऊ. ते कुणा एका घरचं नाही, पण यातलं काहीच तुम्हाला नवीन वाटणार नाही. ऊसतोडीचे दिवस. मोठी माणसं रानात. वस्तीवर आजी, लहान पोरं आणि नववीतला एक मुलगा. संध्याकाळी सात वर्षांची चुलत बहीण लघवीला जळजळ होते म्हणून रडते. आई विचारते, पोर हळूहळू सांगते. मुलाची आई म्हणजे तिची सख्खी जाऊ. रात्री घरातली चार मोठी माणसं बसतात. पोलीस नको, कोर्ट नको, पोरीचं नाव होईल, पोराचं आयुष्य जाईल. मुलाला बाप दोन थोबाडीत देतो. आणि निर्णय होतो, याला मामाच्या गावाला पाठवून द्या. प्रकरण मिटलं.

काय मिटलं? त्या पोरीला कळलं की सांगितलं की घर गप्प होतं, म्हणजे सांगण्यातच काहीतरी चुकलं. मुलाला कळलं की याची किंमत दोन थोबाडीत आणि एस.टी.चं तिकीट. आणि मामाच्या गावालाही लहान मुली असतात. त्यांच्या आयांना कुणीच काही सांगितलेलं नसतं.

आता आपण कशाविषयी बोलतो आहोत ते आधी वेगळं करून घेऊ, कारण तीन निरनिराळ्या गोष्टींची इथं गल्लत होते.

पहिली गोष्ट, प्रेमप्रकरणं. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी पळून जातात. मुलीचा बाप तक्रार देतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला संमती मानत नाहीत, म्हणून मुलावर बलात्काराचा गुन्हा लागतो. 'एनफोल्ड' संस्थेनं आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० या काळातले पॉक्सोचे ७,०६४ निकाल तपासले. त्यातली १,७१५ प्रकरणं, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, अशी प्रेमाची होती. अनेकदा त्यामागे जात असते, बापाची अब्रू असते. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

दुसरी गोष्ट, लहान पोरांचं एकमेकांच्या शरीराविषयीचं कुतूहल. पाच-सहा वर्षांची, एकाच वयाची पोरं डॉक्टर-डॉक्टर खेळतात. जबरदस्ती नसते, भीती नसते, सांगितलं की थांबतात. त्यांना मारण्यापेक्षा समजावून सांगायचं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे अत्याचार. तो ओळखायच्या खुणा चार. वयात किंवा ताकदीत मोठा फरक. धाक, मार किंवा आमिष. समोरचीला नाही म्हणायची सोयच नसणं. आणि 'कुणाला सांगू नकोस' ही ताकीद. आज मी बोलते आहे ती फक्त या तिसऱ्या गोष्टीविषयी. बळी मुलगी असते तसा मुलगाही असतो, हे विसरू नका. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली तेरा राज्यांतल्या साडेबारा हजारांच्या आसपास मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रही त्यात होता. ५३ टक्के मुलामुलींनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यात निम्म्याहून जास्त मुलगे होते.

अल्पवयीन आरोपी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिल्लीची १६ डिसेंबर २०१२ ची घटना येते. सहा आरोपींतला एक अठरा वर्षांच्या आतला होता. पुढच्याच वर्षी मुंबईत महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात दोन सामूहिक बलात्कार झाले, जुलैअखेर एका टेलिफोन ऑपरेटर तरुणीवर आणि २२ ऑगस्टला एका छायाचित्रकार पत्रकार तरुणीवर. दोन्ही प्रकरणांत एकेक आरोपी अल्पवयीन होता. त्या दोघांना बाल न्याय मंडळानं जुलै २०१५ मध्ये दोषी ठरवून तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत पाठवलं. शक्ती मिलमधली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. पहिल्या तरुणीनं लगेच तक्रार केली नव्हती. दुसरीची बातमी आली तेव्हा ती पुढे झाली. पहिल्या वेळी कुणी अडवलं नाही की दुसरी वेळ येते.

पण अशी टोळक्यांची प्रकरणं पेपरात येतात म्हणून आपल्याला तेवढीच दिसतात. डेव्हिड फिंकेलहोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिकेतल्या पोलिसांच्या नोंदी तपासल्या. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत पोलिसांना माहीत झालेल्या गुन्हेगारांपैकी एक तृतीयांशाहून जास्त स्वतःच अल्पवयीन होते. आणि अगदी लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्यांचं प्रमाण बारा ते चौदा या वयात सगळ्यात जास्त होतं. बारा ते चौदा म्हणजे आपल्याकडे सहावी ते नववी.

मुलगा असं का करतो? 'वयच तसं असतं', 'रक्त गरम असतं' ही उत्तरं मी मान्य करत नाही. वय सगळ्याच मुलांना येतं आणि बहुतेक मुलं कुणाला हात लावत नाहीत. 'पोरगी तशीच होती' हे उत्तर सात वर्षांच्या पोरीबद्दलही दिलं जातं, तेव्हा त्याची किंमत आपल्याला कळतेच.

मायकेल सेटो आणि मार्टिन लालुमिएर यांनी २०१० साली ५९ अभ्यास एकत्र करून पाहिलं, की चोरी-मारामारी केलेली मुलं आणि लैंगिक गुन्हा केलेली मुलं यांत फरक काय. लैंगिक गुन्हा केलेल्या मुलांच्या वाट्याला स्वतःवरचा लैंगिक अत्याचार जास्त आलेला होता. घरातली हिंसा आणि हेळसांड होती. त्यांनी फार लहान वयात अश्लील चित्रं किंवा प्रत्यक्ष संबंध पाहिलेले होते. ती एकटी पडलेली, स्वतःला कमी लेखणारी होती. काहींच्या लैंगिक ओढीच वेगळ्या वळणाच्या होत्या. सगळं एकाच मुलात असतं असं नाही.

इथं दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ज्यांच्यावर अत्याचार होतो त्यातले बहुतेक पुढे कुणावर अत्याचार करत नाहीत. तेव्हा आपल्यापाशी आलेल्या कुठल्याही पीडित मुलाकडे उद्याचा गुन्हेगार म्हणून बघू नका. आणि दुसरी गोष्ट आपल्याला आपल्या चळवळीनं शिकवली आहे. सोसलेल्या दुःखानंच माणूस अत्याचारी होत असता, तर मुलींनी किती अत्याचार केले असते! मुलीही लहानपणी सोसतात, पण लैंगिक गुन्हा करणाऱ्यांत त्या फारच थोड्या असतात. म्हणजे दुखावलेल्या मुलाच्या हातात आपला समाज आणखी काहीतरी देतो. बाप आईला मारतो आणि जेवायला बसतो, हे तो पाहतो. बहिणीनं उठून पाणी द्यायचं हे तो शिकतो. बाईचं 'नाही' म्हणजे लाजणं, हे त्याला सिनेमा सांगतो. आता मोबाइल त्याहून पुढचं दाखवतो, आणि तेच खरं असं त्याला वाटतं, कारण त्याच्याशी दुसरं कुणी कधी बोललेलंच नसतं.

कुणाला हात लावला तर कुणी विचारणार नाही, हेही तो शिकतो. कोपीत राहणाऱ्या ऊसतोड मजुराची पोर, पारध्याची पोर, दलित वस्तीतली पोर, बोलता न येणारी पोर. यांच्या वाटेला जाताना मुलाला भीती कमी वाटते, ती का, ते त्यानं मोठ्यांच्या वागण्यातून उचललेलं असतं.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलाचं वय सोळापर्यंत धरलेलं होतं. २००० च्या कायद्यानं ते अठरा केलं. दिल्लीच्या घटनेनंतर वय खाली आणा अशी मागणी झाली. न्यायमूर्ती वर्मा समितीनं जानेवारी २०१३ च्या अहवालात ती मान्य केली नाही. पण डिसेंबर २०१५ मध्ये नवा कायदा संमत झाला आणि जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करतं आणि खटला प्रौढासारखा चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलं. सोळा वर्षांखालचा मुलगा मात्र मंडळापुढेच राहतो आणि त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेषगृहात ठेवता येतं.

'तीनच वर्षं?' म्हणून आपला संताप होतो. तो मी समजू शकते. पण तीन असोत की दहा, तो मुलगा बाहेर येणारच आहे. एखाद्या गावात, एखाद्या घरात राहणारच आहे. मधल्या वर्षांत त्याच्यावर काय काम झालं, हा प्रश्न आपण विचारायला हवा. नुसतं डांबून ठेवलं, थोराड पोरांच्या हाती दिलं, तर गेला त्यापेक्षा वाईट होऊन तो परत येतो.

उपचार म्हणजे काय? गोळी नव्हे, अंगारा नव्हे, आणि 'लग्न लावून द्या, सुधारेल' हे तर अजिबात नव्हे. त्यात एका दुसऱ्या मुलीचा बळी जातो. प्रशिक्षित समुपदेशक मुलाला आठवड्याच्या आठवड्याला भेटतो, आणि हे काम बरेच महिने, कधी वर्षाहून जास्त चालतं. पहिलं काम म्हणजे केलेलं कबूल करणं. 'झालं' असं म्हणून चालत नाही, 'मी केलं' असं म्हणावं लागतं. मग त्या कृत्यापर्यंत तो पायरीपायरीनं कसा पोचला ते उलगडायचं. डोक्यात काय आलं, एकांत कसा साधला, स्वतःची काय समजूत घातली. त्या मुलीला काय वाटलं असेल ते त्याला समजावं लागतं. संमती म्हणजे काय हे शिकावं लागतं. त्याच्या स्वतःवर काही झालं असेल तर त्या जखमेवरही काम होतं, पण ते कारण पुढे करून सुटका होत नाही. घरच्यांना, विशेषतः बापाला, यात बसावं लागतं. आणि घरात नियम ठरतात. लहान मुलांबरोबर एकटं राहायचं नाही. मोबाइल मोठ्यांच्या समोर. शाळा मात्र सुटता कामा नये, कारण एकटा पडलेला मुलगा जास्त धोक्याचा.

याचा उपयोग होतो का? कॅनडात जेम्स वर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षं मागोवा घेतला. उपचार पुरे केलेल्या मुलांतल्या ९ टक्क्यांवर पुन्हा लैंगिक गुन्ह्याचा आरोप आला. बाकीच्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. मायकेल काल्डवेल यांनी २०१६ साली १०६ अभ्यासांतली तेहतीस हजारांहून जास्त मुलं पाहिली. साधारण पाच वर्षांच्या काळात पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याची नोंद शंभरात पाचांची होती. हे आकडे परदेशातले आहेत, आणि पकडल्या गेलेल्या, ज्यांना कुणीतरी जाब विचारला अशा मुलांचे आहेत. मामाच्या गावाला पाठवलेल्या मुलांचे नाहीत. तरीही त्यातून एक दिसतं. असा मुलगा जन्माचा नासला हे खोटं, आणि आपोआप सुधारेल यावर विसंबणंही धोक्याचं.

आपल्याकडे अडचण अशी की हे काम जाणणारे समुपदेशक मोठ्या शहरांबाहेर मिळत नाहीत. पण कायद्यात मागायला जागा आहे. मंडळ मुलाला उपचार केंद्रात जायला सांगू शकतं, व्यसनमुक्तीला पाठवू शकतं, ठरावीक ठिकाणी जायला मनाई करू शकतं. प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना करणं बंधनकारक आहे. ती झाली का, त्यात काय आहे, हे परिवीक्षा अधिकाऱ्याला विचारत राहिलं पाहिजे. अल्पवयीन मुलाला जामीन सहसा मिळतोच. म्हणून तो त्याच वस्तीवर परत येणार असेल, तर मुलीच्या बाजूनं मंडळापुढे आधीच सांगा की त्याच्या राहण्याची सोय दुसरीकडे करा आणि तिथल्या मोठ्यांना सगळं स्पष्ट सांगा. घर सोडायचं तर त्यानं सोडायचं. मुलीला आजोळी धाडून तिची शाळा बंद करायची नाही.

आता गावात आपण काय करायचं? मुलगी बोलली की तिच्यावर विश्वास ठेवा. दहा जणींनी दहा वेळा तिला विचारू नका. सरकारी दवाखान्यात न्या. तक्रार नोंदवली नसली तरी तपासणी करता येते, आणि मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनंच करायची असते. पोलिसांनी मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, साध्या कपड्यांत येऊन घ्यायचा असतो. कळूनही न कळवणं हा पॉक्सोखाली गुन्हा आहे, आणि तो भावकीत मिटवता येत नाही. कुणाला विचारायचं सुचलं नाही तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा फोन लक्षात ठेवा. मुलीचं नाव तर नाहीच, मुलाचंही नाव आणि फोटो मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचा नाही. कायद्यानं तोही गुन्हा आहे, आणि मुलाचं नाव फुटलं की नात्यातली मुलगी कोण हे गावाला लगेच कळतं.

मुलाच्या आईकडेही आपल्यातली एकजण गेली पाहिजे. सगळं गाव तिलाच बोल लावतं, 'वळण लावलं नाही' म्हणतं. बापाला कुणी विचारत नाही. ती घाबरून लपवते. तिला कुणीतरी सांगितलं पाहिजे की लपवलंस तर पोरगा हातचा जाईल, पुढे आणलंस तर वाचू शकेल. हे काम करताना मुलीच्या आईला वाटता कामा नये की आपण फितूर झालो. म्हणून दोघींकडे वेगवेगळ्या जणींनी जावं, आणि आधी मुलीच्या आईकडे जावं.

आणि काही घडायच्या आधीचं काम. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यासाठी खटले सोसले आणि १९५३ साली मरेपर्यंत ते चालवलं. इतक्या वर्षांनंतरही आपल्या शाळेत तो धडा आला की पान उलटतात. मुंबईत १९९३ पासून 'मावा' ही संस्था पुरुषांशी आणि मुलग्यांशी बोलण्याचं काम करते आहे. आपणही आजवर किशोरी मेळावे घेतले, मुलींना पाळी समजावली, 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शिकवला. सातवी-आठवीच्या मुलग्यांना मात्र कुणी बसवून सांगितलं नाही की समोरची गप्प राहिली म्हणजे तिनं हो म्हटलं असं होत नाही, आणि तुझ्यावर काही झालं असेल तर ते सांगायला लाजू नकोस. स्वतःला थांबवणं कठीण जातंय हे सांगायला त्याला एक तरी मोठं माणूस हवं.

तेव्हा आज घरी जाण्याआधी प्रत्येक गटानं दोन गोष्टी ठरवाव्यात असं माझं म्हणणं आहे. आपल्या गावची बाल संरक्षण समिती कागदावरच आहे की बसते, हे या महिन्यात विचारायचं. आणि शाळा सुरू असताना मुलग्यांची एक बैठक लावायची. त्यात बापांना बोलवायचं, नुसत्या आयांना नाही. ऊसतोडीचे दिवस सुरू झाले की माणसं रानात जातात, मुलं वस्तीवर राहतात. ती बैठक त्याआधी व्हायला हवी.

माझं बोलणं इथं थांबवते. आता तुमचे प्रश्न येऊ द्या. जे पटलं नाही ते आधी विचारा.